दोनशे रुपयांचा पिवळा मल्टिमीटर आणि दर सोमवारी बसणारी बॅटरी

पुण्याच्या तपकीर गल्लीत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शिरा, काउंटरच्या मागे हा व्होल्ट, करंट वगैरे मोजायचा पिवळा मीटर लटकलेला दिसतोच. मॉडेल डीटी-८३०डी. वरचं कंपनीचं नाव दर दुकानात वेगळं, काहींवर तर नावच नसतं, पण माल सगळीकडे सारखा, मधोमध गोल चकती, खाली तीन भोकं, एक लाल वायर एक काळी वायर आणि पोटात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. मला दोनशेच्या आसपास पडला. नुसतं "मीटर द्या" म्हटलं की दुकानदार पुढे काही न विचारता हाच काढतो, "जरा चांगला दाखवा" म्हटलं की मग कपाट उघडतं आणि किमतीपण उघडतात.

मी हा एकाच कामासाठी घेतला, बाईकची बॅटरी सारखी का उतरते ते शोधायला, त्यामुळे रिव्ह्यूपण तेवढ्याच कामापुरता आहे. घरातल्या प्लगमध्ये वगैरे ह्याच्या वायरींच्या टोकाच्या काड्या घालू नका, चकतीवर ७५० व्होल्ट छापलेलं असलं तरी. त्या वायरींचं इन्सुलेशन हातात धरून बघितलंत की मी काय म्हणतोय ते कळेल. गाडीच्या १२ व्होल्टला काही होत नाही.

आता गाडीची भानगड. दीडशे सीसी, बीएस-६, फ्युएल इंजेक्शन, आणि किक नाही. किक नाही हा खरा लोच्या आहे राव. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीत बॅटरी मेली तरी किक मारून ऑफिस गाठता यायचं, बॅटरी काय रविवारी बघू. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप बॅटरीवर, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर तोही बॅटरीवर, त्यामुळे बॅटरी पार झोपली असेल तर धक्का मारूनपण उपयोग होत नाही, सोसायटीतली दोन पोरं घामाघूम होतात आणि गाडी थंडच. वर एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट इंजिन चालू असताना बंदच करता येत नाही, म्हणजे तो खर्च कायमचा. माझ्या गाडीची बॅटरी १२ व्होल्ट ५ अँपिअर-अवर, म्हणजे लहानच, चूक माफ करणारी नव्हे.

प्रकार असा की सोमवारी सकाळी सेल्फ मारला की नुसतं कट-कट-कट. मंगळवार ते शुक्रवार गाडी व्यवस्थित. गॅरेजवाल्याने (नाव घेत नाही, माणूस वाईट नाहीये, घाईत असतो एवढंच) बॅटरी गेली म्हणून सांगितलं. ती जुनी होतीच, तीन वर्षं होऊन गेलेली, तेव्हा बदलली आणि काही वाटलं नाही. मग नवीन बॅटरीपण तेच करायला लागली. परत गेलो तर म्हणे "ह्या लॉटला प्रॉब्लेम असेल, क्लेम करा". बॅटरीवाल्याने चार्ज करून लोड टेस्टर लावला, बॅटरी ओके, क्लेम होणार नाही. गॅरेजवाला म्हणतो बॅटरी खराब, बॅटरीवाला म्हणतो गाडी खराब, आणि मध्ये मी हेल्मेट घेऊन उभा. तिथून सरळ तपकीर गल्ली.

तर आता मीटर. गाडीसाठी ह्यातल्या चकतीच्या तीनचार जागाच लागतात, बाकी ट्रान्झिस्टरबिन्झिस्टर तपासायची भोकं विसरून जा. काळी वायर कायम 'कॉम' लिहिलेल्या भोकात. लाल वायर मधल्या भोकात. चकती सरळ रेघवाल्या व्होल्टच्या २० वर, नागमोडी रेघवाल्या नाही, ती एसीची. लाल काडी बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला, झालं. उलटी लागली तरी घाबरू नका, आकड्याआधी वजा चिन्ह येतं फक्त.

आकडा कधी बघायचा ह्याला फार महत्त्व आहे आणि इथेच बरेच जण फसतात. गाडी चालवून आल्या आल्या मोजलं तर १३ च्या वर दाखवेल आणि तुम्ही खूश व्हाल, ते वरवरचं चार्जिंग असतं, काही तासांत खाली बसतं. गाडी रात्रभर उभी राहू दे, सकाळी इग्निशन चालू करायच्या आधी मोजा. १२.६ ते १२.८ म्हणजे फुल. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली गेली की सेल्फचा भरवसा नाही आणि अशी अर्धमेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच पडून राहिली तर आतल्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ती खरोखरच मरते. म्हणजे गॅरेजवाला "बॅटरी खराब" म्हणतो ते शेवटी खरंही होतं, फक्त तिला मारलं कुणी हे कुणी विचारत नाही.

१२.४ आणि १२.५ मधल्या फरकावरून मात्र ह्या मीटरच्या भरवशावर भांडू नका. कागदावर अर्ध्या टक्क्याची चूक धरलीये, म्हणजे १२ व्होल्टला पाचसहा शतांश इकडेतिकडे, वर शेवटच्या आकड्याचं थोडं. मित्राच्या महागड्या मीटरशेजारी लावून बघितला, त्याचा १२.६६ आणि माझा १२.६१. चालतंय की. रोज त्याच मीटरने मोजलं की आज आणि उद्यातला फरक बरोबर कळतो, आणि आपल्याला तोच हवा असतो.

पुढचं, चार्जिंग होतंय का. इंजिन चालू, काड्या बॅटरीवर, आयडलला माझ्याकडे १३.६ आणि ऍक्सिलरेटर पिळून चारेक हजार आरपीएमला १४.२. हे ठीक आहे. साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान आलं की समजा कॉइल (इंजिनवर वीज बनवणारी) आणि रेक्टिफायर (ती वीज बॅटरीजोगी करणारा) आपापलं काम करतायत. रेस केल्यावरही १३ च्या पुढे जात नसेल तर बॅटरीला मिळतच नाहीये आणि १५ च्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर हाताबाहेर गेलाय, बॅटरी उकडून निघेल, बल्ब उडतील. ह्या एका मोजणीला दोन मिनिटं लागतात. तरी पुण्यातली निम्मी गॅरेजं ती करत नाहीत असं माझं मत आहे, राग आला तर येऊ दे. त्याऐवजी काही जुने मिस्त्री काय करतात, इंजिन चालू ठेवून बॅटरीचा टर्मिनल काढतात, गाडी बंद नाही पडली म्हणजे चार्जिंग चालू. हे कार्ब्युरेटरच्या जमान्यातलं आहे. इंजेक्शनच्या गाडीला असं कुणी करायला लागलं तर हात धरा त्याचा. बॅटरी मध्ये नसली की व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू गेला तर त्या पैशात बॅटऱ्यांचं दुकान येईल.

सेल्फ मारताना व्होल्टेज किती पडतं तेही बघायचं असतं, साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरी थकली किंवा जोडणीत कुठेतरी घाण. इथे हा मीटर कमी पडतो. सेकंदाला दोनतीनदाच आकडा बदलतो, खरा तळ त्याला दिसतच नाही, म्हणून मोबाईलवर व्हिडिओ काढायचा आणि हळू करून बघायचा. मला १०.४ सापडला. प्रत्यक्षात त्याहून थोडा खाली गेला असेल, तरी बॅटरी दमलेली नाही एवढं नक्की झालं.

मग बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, तरी सोमवारी गाडी मेलेली. आता खरी मजा.

ह्यासाठी जी टेस्ट केली ती ह्या सगळ्यात भारी आणि सगळ्यात सोपी आहे, आणि आश्चर्य म्हणजे कुणी सांगत नाही. बॅटरी चार्जरवर फुल केली. रात्री मोजली, १२.६८. गाडी तशीच सोडून दिली. सकाळी १२.४६. दुसऱ्या दिवशी परत फुल केली आणि ह्यावेळी रात्री मायनसचा टर्मिनल काढून ठेवला, म्हणजे बॅटरी गाडीतच पण एकटी. सकाळी १२.६६. संपला विषय. बॅटरी एकटी असताना उतरत नाही, गाडीला जोडली की उतरते, म्हणजे गाडी बंद असताना कुणीतरी आतून पितंय. उलटं झालं असतं, एकटी ठेवूनपण खाली गेली असती, तर बॅटरीच खराब आणि मी क्लेमसाठी भांडलो असतो. ह्याला अँपिअर मोजायचं ज्ञान लागत नाही, मीटर जळायची भीती नाही, फक्त दोन रात्री आणि दहा नंबरचा पाना लागतो. आणि काढताना मायनस आधी बरं का, प्लस आधी काढायला गेलात आणि पाना चेसीला टेकला तर दिवाळी. लावताना उलटं, प्लस आधी मायनस शेवटी.

चार्जरचं सांगायचं राहिलं. कारचा मोठा चार्जर ह्या लहान बॅटरीला लावू नका, बॅटरीच्या दहाव्या हिश्श्याने चार्ज करायची असा साधा हिशोब, म्हणजे ५ अँपिअर-अवरला अर्धा अँपिअर. रात्रभर लागतो, लागू दे.

आता कोण पितंय आणि किती. इथे मीटर बॅटरीच्या मायनस टर्मिनल आणि काढलेल्या मायनस वायरच्या मध्ये जोडायचा, म्हणजे सगळा करंट मीटरमधून जातो. लाल वायर उपटून १० अँपिअरच्या वेगळ्या भोकात घालायची, चकतीपण १० वर. आणि इथे ह्या मीटरचा सगळ्यात मोठा दोष, १० अँपिअरच्या भोकाला आत फ्यूजच नाही. भोकाशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं पण ते वाचतं कोण. म्हणजे मीटर असा लावलेला असताना सेल्फचं बटण दाबलं तर वायरी वितळतील, सेल्फ मोटर दहा अँपिअरवर थांबत नाही, कितीतरी पट खेचते. आणि करंट मोजून झाल्यावर लाल वायर त्याच भोकात विसरून परत बॅटरीवर व्होल्ट बघायला गेलात तर तो सरळ शॉर्ट आहे, ठिणग्या, धूर, सगळं. म्हणून करंट मोजून झाला की आधी लाल वायर मधल्या भोकात, मग बाकीचं, हे अंगवळणी पाडून घ्या.

दहाच्या रेंजवर मला ०.०७ दिसलं. ह्या रेंजवर सगळ्यात लहान पायरीच दहा मिलिअँपिअरची आहे त्यामुळे ०.०७ म्हणजे सत्तरच्या आसपास एवढंच कळतं. नेमकं बघायला २०० मिलिअँपिअरच्या रेंजवर यायचं आणि लाल वायर परत मधल्या भोकात. पण एक गोची आहे, वायर बदलताना जोडणी तुटते आणि परत जोडताना ईसीयू जागा होतो, क्षणभर जास्त करंट खेचतो, आणि आतला काचेचा बारका फ्यूज उडू शकतो. ह्यावर उपाय म्हणजे एक वायरचा तुकडा टर्मिनल आणि मायनस वायरच्या मध्ये आधी जोडून ठेवायचा, मीटर त्याला समांतर लावायचा, सगळं शांत झालं की तुकडा काढायचा, आता करंट मीटरमधून. तिसरा हात लागतो, किंवा बायको. (आमच्याकडे तिने टॉर्च धरला, ह्या मीटरच्या डिस्प्लेला लाईट नाही आणि पार्किंगमध्ये संध्याकाळी काही दिसत नाही. "बॅटरी बदलून टाक ना सरळ" हे तीनदा ऐकून घेतलं.)

आकडा आला ७४ मिलिअँपिअर. आता गंमत बघा. शुक्रवारी रात्री आठला गाडी लावली, सोमवारी सकाळी नऊला काढली, म्हणजे ६१ तास, गुणिले ७४, होतात साडेचार अँपिअर-अवर. बॅटरी पाचची. सोमवारचं कोडं तिथेच सुटलं. आठवड्यात रोज रात्री एकच अँपिअर-अवर जायचा आणि ऑफिसच्या जाण्यायेण्यात बराचसा भरून निघायचा म्हणून मंगळवार ते शुक्रवार गाडी साधूसारखी वागायची. किती चालतं म्हणाल तर घड्याळ आणि ईसीयूसाठी एकदोन, फारतर चारपाच मिलिअँपिअर. ७४ म्हणजे गळतीच.

मग एकेक काढत जायचं आणि आकडा बघत राहायचं. पहिला संशय हँडलवरच्या मोबाईल चार्जरवर, तो मी ऍक्सेसरीवाल्याकडून बसवून घेतलेला आणि त्याने डायरेक्ट बॅटरीवरून वायर मारलेली. काढला, आकडा ७४ वरून ६१. म्हणजे फोन लावलेला नसतानासुद्धा तो तेरा मिलिअँपिअर खात होता. जीपीएस ट्रॅकर, अलार्म, जादाचे फॉग लाईट, डायरेक्ट मारलेला हॉर्न, असलं काही बसवलेलं असेल तर आधी तिथेच बघा, कंपनीच्या वायरिंगला शिव्या नंतर द्या. हल्ली चोरी नको म्हणून ट्रॅकर लावणारे खूप आहेत आणि गाडी दोन आठवडे उभी राहिली की चोराला काय, मालकालापण चालू होत नाही.

पण ६१ शिल्लकच. मेन फ्यूज काढला, शून्य. परत लावला, बाकीचे फ्यूज एकेक काढले, काही फरक नाही. म्हणजे मेन फ्यूजच्या पुढे आणि छोट्या फ्यूजांच्या अलीकडे काहीतरी. तिथे असतं कोण, तर रेक्टिफायर-रेग्युलेटर, टाकीखाली गार व्हायला उभ्या पट्ट्या पट्ट्या असलेला ऍल्युमिनियमचा ठोकळा. त्याचं कपलर (वायरींचा जोड) उपटलं आणि आकडा धाडकन १.८ वर. सापडला चोर.

रेक्टिफायरचं काम म्हणजे कॉइलमधून येणारा एसी करंट डीसी करून बॅटरीकडे पाठवणं, आणि आतल्या डायोडमधून करंट एकाच दिशेने जावा अशी अपेक्षा. डायोड पूर्ण उडाला तर चार्जिंग बंद पडतं आणि लगेच कळतं. पण तो नुसता गळका झाला तर चार्जिंग १४.२ दाखवत राहतं, सगळे म्हणतात चार्जिंग ओके, आणि गाडी बंद केली की बॅटरीतला करंट उलटा त्याच्यातून झिरपत राहतो. इग्निशनची चावी ह्या रस्त्यात येतच नाही म्हणून चावी काढून खिशात घातली तरी फरक पडत नाही. मीटरमध्ये डायोड तपासायची जागा आहे, त्यावर रेक्टिफायर तपासला तर तो पास झाला, एका बाजूने पाचशेच्या घरातला आकडा आणि दुसऱ्या बाजूने डावीकडे नुसता १, म्हणजे अगदी चांगला असल्यासारखा. मीटर डायोडवर दोनतीन व्होल्टच टाकतो, त्यामुळे १२ व्होल्टला दिसणारी गळती तिथे दिसेलच असं नाही. म्हणून ह्या बाबतीत मिलिअँपिअरचा आकडा खरा, डायोडची टेस्ट नाही.

हे सगळं कागदावर लिहून नाना पेठेत एका वायरमनकडे गेलो. दुकान म्हणजे शटरएवढी जागा, बाहेर चार गाड्या, आत काका सोल्डरिंग करत बसलेले. मीटर बघून हसले. "हा पिवळा? ह्याच्याने वायर आहे का तुटली एवढंच कळतं साहेब." मग त्यांनी त्यांचा टेस्ट लॅम्प काढला, इंडिकेटरचा बल्ब आणि दोन वायरी, मायनसमध्ये सिरीजला लावला. बल्ब पेटला नाही. "बघा, लिकेज नाही." मी म्हटलं काका, ६१ मिलिअँपिअरला इंडिकेटरचा बल्ब कसा पेटेल, त्याला ह्याच्या कितीतरी पट करंट लागतो. थोडा वेळ गप्प बसले, मग माझाच मीटर मागून घेतला, स्वतः लावला, कपलर काढून घालून दोनदा बघितलं आणि म्हणाले "आरआर बदला", म्हणजे रेक्टिफायर-रेग्युलेटर. मला तिथे तो मीटर दोनशेत वसूल झाल्यासारखा वाटला. काकांची अक्कल कमी नाही बरं, टेस्ट लॅम्प मोठी गळती आणि शॉर्ट पकडायला एक नंबर आहे, मीटर जिथे खोटं व्होल्टेज दाखवतो (एकाच तंतूवर लटकलेली वायरसुद्धा मीटरला १२ व्होल्ट दाखवते, बल्ब लावला की मरते) तिथे बल्बच खरं बोलतो. पण आजकालच्या गाड्यांची गळती बारीक असते, ती बल्बला दिसत नाही. दोन्ही पाहिजेत.

रेक्टिफायर नवीन टाकला, जुन्याच्या कपलरमध्ये एक पिन काळी पडलेली होती ती पण साफ करून घेतली, चार्जरची वायर इग्निशननंतरच्या लाईनवर घेतली. घरी येऊन परत मोजलं, १.६. सोमवार आता साधा सोमवार आहे.

मीटरला परत येऊ. आवडलेलं सगळं वर आलंच, आता न आवडलेलं. आत ऑटो ऑफ नाही, चकती बंदवर न्यायला विसरलात की चौकोनी बॅटरी संपते, आणि ती संपत आली की मीटर कमी नाही, जास्त व्होल्टेज दाखवायला लागतो! हे मित्राकडे झालं. बंद गाडीची बॅटरी १३.९ दाखवत होती आणि तो म्हणतोय काय जबरदस्त बॅटरी. डिस्प्लेच्या कोपऱ्यात बॅटरीचं बारकं चित्र दिसलं की त्यापुढच्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवू नका. उभ्या गाडीवर १३ च्या पुढचं काही दिसलं तर गाडीआधी मीटरचा सेल बदला.

दुसरं, मधल्या भोकाचा फ्यूज उडाला तर मिलिअँपिअरमध्ये कायम शून्य दाखवतो आणि तुम्हाला वाटतं गळती नाहीये. व्होल्ट मात्र व्यवस्थित दाखवत राहतो म्हणून संशयपण येत नाही. शून्य आलं की मागचे स्क्रू काढून काचेचा फ्यूज बघा, जादाचे दोनचार आणून ठेवा, अगदी किरकोळ पैशात मिळतात.

तिसरं, कॉइलचा रेझिस्टन्स ह्याने मोजायच्या भानगडीत पडू नका. कॉइल प्लेटचा रेझिस्टन्स एक ओमच्याही खाली असतो आणि ह्या मीटरच्या दोन काड्या एकमेकींना टेकवल्या तरी अर्ध्या ओमच्या आसपास दाखवतो, म्हणजे काय मोजताय आणि काय नाही. कॉइलवर संशय असेल तर कॉइलमधून तीन वायरी येणाऱ्या गाडीत तिचं कपलर काढून इंजिन चालू करायचं आणि एसी २०० वर दोन दोन वायरींमधलं व्होल्टेज बघायचं, तिन्ही जोड्या सारख्या आल्या पाहिजेत आणि रेस केल्यावर चढल्या पाहिजेत. एक जोडी मागे राहिली तर कॉइल जळलीये. पन्नास व्होल्टच्या वर जातं, बोटं लांब ठेवा. इंजिन बंद करून प्रत्येक वायर आणि इंजिनची बॉडी ह्यांच्यात कंटिन्युइटी (आतून जोड आहे का ते) बघा, तीन वायरवाल्यात ती यायला नको. हे मात्र ह्या मीटरला जमतं.

अर्थिंगचं एक छोटं. मीटर व्होल्ट २० वरच ठेवून एक काडी बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ बोल्टवर धरा, सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर मायनसची वायर किंवा तिचा बोल्ट गंजलाय. कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर हे फार होतं. टर्मिनलवर पांढरंहिरवं साठलेलं असेल तर गरम पाण्याने धुवा, पुसा, आवळा, वर व्हॅसलीन. अर्ध्या तक्रारी इथेच संपतात आणि मीटर घ्यायचीही गरज पडत नाही.

क्लॅम्प मीटर (वायर न तोडता तिच्याभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) घेऊ का असं विचाराल तर नको, निदान ह्या कामाला नको. स्वस्तातले क्लॅम्प डीसी मोजतच नाहीत, जे मोजतात ते महाग, आणि साठसत्तर मिलिअँपिअर त्यांच्या आकड्यांच्या चुकीत हरवून जातात.

पाचपैकी साडेतीन देतो. एक मार्क त्या बिनफ्यूजच्या भोकासाठी कापला, अर्धा वायरींसाठी. वायरी खरंच भिकार आहेत, काडीच्या मानेशी आतून तुटतात आणि मग आकडा नाचायला लागतो. मी सोबत मगरीच्या तोंडाचे दोन क्लिप घेतले आणि ते नसते तर मायनसची टेस्ट एकट्याला जमलीच नसती, ते घ्याच.

दुकानात घेताना सेल टाकून चालू करून बघा, २०० ओमवर काड्या टेकवा, आकडा एकच्या खाली येऊन स्थिर बसला पाहिजे, मग दोन्ही वायरी मानेपाशी हलवा, आकडा उडाला तर दुसरा पीस मागा. दुकानदार कटकट करेल, करू दे, गल्लीत गर्दी असते म्हणून. बिल बहुतेक मिळत नाही, त्यामुळे काय बघायचंय ते काउंटरवरच बघून घ्या.